एका रात्रीची वाट

शंकररावांना अंतर किलोमीटरमध्ये सांगून काही उपयोग नसे. अंतर म्हणजे तास, आणि तास म्हणजे बसचे तास. जन्म सगळा आरटीसीच्या, म्हणजे तिकडच्या एसटीच्या, नोकरीत गेला, त्यातली शेवटची अठरा वर्षं हैद्राबादला इमलीबनच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून. मग दुसरं काय होणार! दिलसुखनगरच्या त्यांच्या घरी कुणी पाहुणा आला आणि चुकून म्हणाला, की आमचं गाव फार लांब हो, तर यांचे प्रश्न सुरू. "लांब म्हणजे किती? थेट गाडी आहे का? रात्री बसलं तर चहाला पोचतो का जेवणाला?" पाहुणा बिचारा गांगरून जायचा. मग त्यांची बायको पंचफुला आतून ओरडायची, "अहो, त्यांना आधी पाणी तर पिऊ द्या!"

या भावकीत एक नियमच होता. लेक द्यायची ती एका रात्रीच्या वाटेवर. संध्याकाळी निरोप आला तर सकाळी तिच्या दारात उभं राहता आलं पाहिजे. त्यापलीकडचा मुलगा कलेक्टर का असेना, नक्को. नियम घातला होता शंकररावांच्या वडिलांनी, आणि उगाच नव्हता घातला. शंकररावांची थोरली बहीण शोभा चंद्रपूरच्याही पलीकडे दिलेली. ती तापानं आजारी पडली, निरोप आला, तसे बाप आणि मिसरूड न फुटलेला शंकर देगलूरहून निघाले. तीन गाड्या बदलल्या. त्यातली एक नदीला पाणी आलं म्हणून अलीकडेच अडकली. हे दोघं पोचले तेव्हा शोभाचं सगळं आटपून माणसं घरी परत आली होती. बापाला लेकीचं तोंड दिसलं नाही. परतीच्या सबंध वाटेत म्हातारा एक अक्षर बोलला नाही, आणि घरी येऊन बोलला तो हा नियम.

पुढं सगळ्यांनी तो पाळला. शंकररावांचे चुलतभाऊ भगवंतराव, वयानं मोठे, त्यांनी तर पोटच्या पोरीला आलेलं सुरतेचं चांगलं कमावतं स्थळ याच पायी परत पाठवलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही म्हणतात.

दुसरा एक नियम शंकररावांचा स्वतःचा होता. घरातलं कुणी प्रवासाला गेलं, की ते पोचल्याचा फोन येईपर्यंत हा माणूस जेवायचा नाही. "गाडी पोचल्याशिवाय कंट्रोलर जेवत नाही," म्हणायचे. थोरला अमरदीप पुण्याला परीक्षेला गेला आणि त्याचा मोबाईल बंद पडला, तेव्हा हे दुपार कलेपर्यंत उपाशी. आता शुगर निघालेली. वेळेवर जेवा, वेळेवर गोळी घ्या, म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडले. पण ऐकतील ते शंकरराव कसले!

अशा माणसाच्या घरात टोरंटोचं स्थळ आलं.

आलं म्हणजे आपलं म्हणायचं. खरं तर धाकटी स्वप्ना आणि निजामाबादच्या हिंमतरावांचा प्रबुद्ध, दोघं एकाच कॉलेजात इंजिनिअर झालेले. तो नोकरीला तिकडे गेला, ही इकडे राहिली, आणि दोघांनी मिळून ते स्थळ आणवलं. पंचफुलाला सगळं ठाऊक होतं. आईला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

ऑगस्टातल्या एका रविवारी बैठक बसली. हिंमतराव आले, भगवंतरावांना मुद्दाम बोलावलं. जयभीम झाला, पोहे झाले, मुलाच्या पगाराचं आणि थंडीचं बोलणं झालं. मग भगवंतरावांनी बशी खाली ठेवली.

"मुलगा चांगला, घर चांगलं. माझं काही म्हणणं नाही. पण शंकर, आपला नियम काय म्हणतो?"

स्वप्ना दाराशी उभी होती, ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. शंकररावांनी चष्मा लावला.

"अमर, तिकीट कसं असतं ते दाखव बरं मोबाईलवर."

अमरदीपनं दाखवलं. शंकररावांनी फोन हात लांब करून धरला आणि ओठ हलवत वाचला, स्टँडवर गाड्यांचा तक्ता वाचायचे तसा.

"सकाळी दहाला हैद्राबादहून निघायचं. रात्री साडेनऊला टोरंटो. तारीख तीच." त्यांनी मान वर केली. "साडेअकरा तास."

"मधी थांबतं का कुठं?" भगवंतरावांनी विचारलं.

"दोहाला थांबतं. ते धरूनच की."

"अन् किलोमीटर किती?"

अमरदीप म्हणाला, "साडेबारा हजार, मोठे बाबा."

"मग झालं तर," शंकरराव म्हणाले. "विमान ताशी हजारानं धरा. बारा-साडेबारा तास. थोडं इकडंतिकडं, पण बसतंय हिशोबात. दादा, एका रात्रीची वाट आहे. नांदेड-मुंबई गाडीलासुद्धा इतका वेळ लागतो."

पंचफुला स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. नवरा चुकला होता, आणि कुठं चुकला तेही तिला कळलं होतं. शहरातल्या कोठी भागात रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती पेशंटची नावं लिहून घ्यायची. शेजारच्या खुर्चीवर वासंतीबाई. वासंतीबाईंचा मुलगा पाच वर्षं टोरंटोलाच, त्यामुळं तिकडचं सगळं पुराण पंचफुलाला तोंडपाठ. तिकिटावर निघायची वेळ आपल्या घड्याळाची असते आणि पोचायची त्यांच्या. त्यांचं घड्याळ साडेनऊ तास मागं. ते तास तिकिटावर कुठंच दिसत नाहीत, पण विमानात बसून काढावे लागतातच. साडेअकरा कसले, एकवीस तास! वासंतीबाई जाऊन आल्या तेव्हा त्यांचे पाय असे सुजले होते, की आठवडाभर चपला घालता येईनात.

ज्या स्टँडवर यांनी आयुष्य काढलं, तिथं निघायचं आणि पोचायचं घड्याळ एकच. आदिलाबाद असो की तिरुपती, काटे तेच. म्हणून बिचारे फसले, असं पंचफुलाला वाटलं. अमरदीपला कळलं होतं, तो फोनकडे बघत राहिला. हिंमतरावांना तर कळलंच असणार, मुलगा तिकडे आहे. त्यांना एकाएकी पोह्यांतले शेंगदाणे फार आवडायला लागले. एक वाक्य बोलायचं होतं. अहो, घड्याळं वेगळी असतात. एवढं म्हटलं असतं, की बैठक उठली असती आणि पोरगी घरी राहिली असती.

पंचफुलानं तोंड उघडलं. स्वप्नानं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, डोळे मोठे करून.

"पोहे घ्या ना आणखी," पंचफुला म्हणाली.

आणि लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर स्वप्ना स्वयंपाकघरात येऊन मागून गळ्यात पडली. "आई, थँक्यू."

"सोड. कपबशा फुटतील. बाबांना फसवून जाणार आहेस तू?"

"मी कुठं फसवलं? त्यांनीच मोजले."

"मग सांग त्यांना चुकले म्हणून."

"मी नाही सांगणार. मला जायचंय," स्वप्ना म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला सांगायचं असेल तर सांग. मी रागावणार नाही, खरंच. पण मी सांगणार नाही."

हे बरं होतं! म्हणजे सगळं हिच्या गळ्यात. पंचफुला भांडी आपटत राहिली. खरं सांगायचं तर तिला पोरगी जायला नकोच होती. अमरदीप गुणाचा होता, पण मुलगा तो मुलगा. ऑफिसातून आल्यावर दिवसभराचं बडबडणारी, आईचे पांढरे केस दिसले की परेशान होऊन डाय घेऊन बसणारी, ती ही. ती गेली की घरात कोण बोलणार होतं? शंकरराव तर बोलायचे ते गाड्यांचं. आणि तिचं जाणं एवढं नको असून तिला ठेवून घ्यायचा शब्द नेमका आईच्याच तोंडात. रोज सकाळी उठताना ती ठरवायची, आज सांगते. दुपारपर्यंत स्वप्नाचं फोनवरचं हसणं कानावर पडायचं आणि शब्द पोटात जायचा.

लॅबमध्ये डबा खाताना तिनं वासंतीबाईंना विचारलं, "काय करू हो? सांगू का नको?"

"सांगून काय होणार पंचफुलाबाई? पोरगी राहील. मग रोज तुमच्यासमोर तोंड पाडून बसेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग नवरा बसेल," वासंतीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसता हसता ठसकल्या. पण हसून झाल्यावर वासंतीबाई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "घरात रोज संध्याकाळी जिन्यात पाय वाजल्यासारखे वाटतात हो. पाच वर्षं झाली तरी." त्या दिवशी पंचफुला बसमधून घरी येताना दोन स्टॉप पुढं गेली.

आणखी एक गोष्ट होती. ती पंचफुला कुणाशीच बोलत नसे, नवऱ्याशी तर नाहीच. तिचं माहेर उदगीर. पाच-सहा तासांची वाट, अख्खी रात्रसुद्धा नाही. नियमात अगदी चोख बसणारी. तरी आई गेल्याचा फोन आला तो बंदच्या दिवशी. शहरात चिटपाखरू नाही, बस नाही, ऑटो नाही. शंकरराव ड्युटीवरच अडकलेले. पंचफुला पदराला डोळे पुसत गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि परत आली. ती उदगीरला पोचली तेव्हा आई नव्हती, आईच्या लुगड्यांचं गाठोडं होतं. त्यावर नवराबायको कधी बोलले नाहीत. तो काय बोलणार, आणि ही काय विचारणार? पण टोरंटोच्या हिशोबात तिला ते उदगीर सारखं आठवायचं. जवळ असून मी पोचले नाही, मग जवळ म्हणजे तरी काय, असं तिच्या मनात यायचं. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, पंचफुला, हा पोरीला जाऊ द्यायचा बहाणा आहे.

लग्न लागलं. स्वप्ना पांढऱ्या साडीत अशी दिसली, की पंचफुलानं नजर दुसरीकडे वळवली. प्रबुद्ध परत गेला. व्हिसाला वेळ लागला, हिवाळा गेला, परीक्षांचे दिवस येऊन गेले. आणि रोज पंचफुलाजवळ अजून एक दिवस होता, सांगायला.

मे महिन्यात, ऊन मी म्हणत असताना, शंकरराव आणि ती सुलतान बाजारला बॅग घ्यायला गेले. दुकानदारानं दहा बॅगा खाली काढल्या. शंकररावांनी प्रत्येकीची चाकं फिरवून बघितली, तपासणीसासारखी. मग एक लाल बॅग हातात धरून ते एकाएकी म्हणाले, "स्वप्नाला सांग, मनगटावरचं घड्याळ बदलू नको म्हणावं. आपल्याच वेळेवर राहू दे."

पंचफुलाला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अहो, ऐका ना."

"बोल."

ते बॅग धरून उभे राहिले. मागून माणसं ढकलत होती, दुकानदार "अम्मा, जल्दी बोलो" करत होता, पण हा माणूस हलेना. ती बोलायची वाट बघत तसाच उभा. तिच्या डोळ्यांसमोर स्वप्नाचा तो चेहरा आला.

"लाल नको," ती म्हणाली. "निळी घ्या."

शंकररावांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "हौ," म्हणाले. "निळी घेऊ."

जूनमध्ये स्वप्ना गेली. शमशाबादच्या विमानतळावर सकाळी सकाळी अमरदीपनं गाडी लावली, निळी बॅग उतरवली. आत जायच्या दारापाशी स्वप्ना वडिलांच्या पाया पडली. ते फक्त म्हणाले, "पोचलीस की फोन कर." आईच्या गळ्यात पडली तेव्हा ती कानात पुटपुटली, "नाही सांगितलंस ना अजून?" पंचफुलानं मान हलवली. "आई, आज रात्री ते उपाशी बसतील गं. सांगून टाक आता. आता काय, मी गेलेच." आणि ती गेली. काचेतून निळी बॅग थोडा वेळ दिसली, मग दुसऱ्या बॅगांत मिसळून गेली.

घरी आल्यावर पंचफुलाला दुसरंच भय लागलं. पोरगी गेली ती गेली. पण रात्री साडेनऊला हा माणूस फोनसमोर बसणार. फोन येणार उद्या सकाळी. तोवर पोटात अन्न नाही, शुगर खाली जाणार, आणि विमानाचं काही बरंवाईट झालं म्हणून जिवाला घोर लागेल तो वेगळाच. शिवाय कळेल तेव्हा काय? बायकोला ठाऊक होतं, मुलाला ठाऊक होतं, लेकीला ठाऊक होतं, व्याह्यांना ठाऊक होतं, आणि आपण तेवढे भावकीसमोर खुळे ठरलो. त्यांच्या बापाचा नियम, बहिणीच्या पायी घातलेला, आणि तो त्यांच्याच तोंडून मोडवला. याला माफी असते का? ते माझ्याशी बोलणं टाकतील, असं तिला वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नाही असंही वाटलं.

दुपारी स्वप्नाचा दोहाहून फोन आला तेव्हा ती तो घेऊन गॅलरीत गेली. "सांगितलंस?" "सांगते, सांगते. तू काही खाल्लंस का?" एवढंच झालं.

अमरदीपची दुपारपाळी होती. संध्याकाळी घरात दोघंच. पंचफुलानं अंबाडीची भाजी केली, त्यांना आवडते म्हणून, आणि भाकरी थापायला घेतली. थापता थापता ती मनातल्या मनात बोलून बघत होती. अहो, तिकिटावरची वेळ आहे ना. नको. अहो, माझं चुकलं. हे बरं. आधी माझं चुकलं म्हणायचं.

तेवढ्यात शंकरराव आत आले. मोरीत हात धुतले, टॉवेलला पुसले आणि पाटावर येऊन बसले.

"ताट वाढ."

पंचफुला भाकरी हातात घेऊन तशीच राहिली. "जेवताय?"

"मग? आठ वाजले. गोळी घ्यायचीय."

"अहो, पण... अजून पोरीचा फोन नाही आला."

"यायचाच नाही," शंकरराव म्हणाले. "सकाळी सातच्या पुढं येईल. आत्ता कुठं निम्मी वाट झाली असेल तिची."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. पंचफुलानं गॅस बंद केला. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, अठरा वर्षं गाड्यांच्या वेळा लावल्या मी. पाच मिनिटं इकडंतिकडं म्हणणाऱ्या ड्रायव्हरला उभा सोलायचो. मला एक तिकीट वाचता येत नाही होय?"

"मग त्या दिवशी, भाऊजींच्या पुढं..."

"दादापुढं दुसरं काय बोलणार होतो? त्यानं या नियमापायी स्वतःच्या पोरीचं मन मारलं. त्याच्या तोंडावर सांगू, की माझ्या पोरीसाठी नियम मोडतो? त्यापेक्षा शंकर मोजायला चुकला म्हणू दे. म्हातारा झाला म्हणू दे."

आता मात्र पंचफुलाला असा राग आला, की हातातली भाकरी तिनं टोपलीत फेकली. "आणि मला? मला सांगायला काय तोंड शिवलं होतं तुमचं? इतके महिने मी इथं आतल्या आत जळतेय, की माझ्या नवऱ्याला मी फसवलं म्हणून! रात्र रात्र झोप नाही मला!"

"तुला खरं काय ते ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं," शंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "वासंतीबाईंचे सुजलेले पाय तूच नाही का मला ऐकवले? मला पोरीला नाही म्हणवेना, म्हणून तर तुझ्या देखत चुकीचं बोललो. म्हटलं, पंचफुला गप्प बसायची नाही. चुकताय म्हणून बोलेल. तू एवढं म्हणाली असतीस, की मी म्हणणार होतो, मग जमत नाही बुवा, आमचा नियम आहे." ते थांबले. "तू म्हणालीस, पोहे घ्या."

पंचफुला खाली बसली.

"मग बाजारात म्हटलं, आता तरी बोलेल. म्हणून तर घड्याळाचं काढलं. मी बॅग धरून उभा राहिलो. तू म्हणालीस, निळी घ्या."

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "ठाऊक झालं तर तुम्ही जाऊ देणार नाही. म्हणून मी गप्प."

"आणि मला वाटलं, तिनं जावं असं तुझ्या मनात आहे. म्हणून मी गप्प."

"माझ्या मनात?" पंचफुलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यातच तिला हसूही आलं. "माझ्या मनात ती इथं त्या पाटावर बसायला हवी होती हो. दुसरं काहीसुद्धा नव्हतं माझ्या मनात."

"माझ्याही," शंकरराव म्हणाले.

शेजारच्या घरात टीव्हीवर तेलुगू मालिका लागली होती, कुणीतरी जोरजोरात रडत होतं. दोघं ते ऐकत बसले.

मग शंकरराव म्हणाले, "तू का बोलली नाहीस, त्याचं मी एक कारण धरून चाललो होतो. तुझी आई."

पंचफुलानं वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा काढलं होतं.

"बंदच्या दिवशी दोनशे गाड्या माझ्या डोळ्यांसमोर ओळीनं उभ्या होत्या. मी तिथला कंट्रोलर. अन् तुला उदगीरला न्यायला त्यातली एक मला काढता आली नाही. पाच तासांची वाट. तेव्हापासून मला वाटायचं, ही मनातल्या मनात म्हणत असेल, याच्या एका रात्रीच्या नियमाचं काय लोणचं घालायचंय!"

"मी तसं कधी म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं."

पंचफुला उठली. तिनं ताट वाढलं, भाजी, भाकरी, कांदा, बाजूला गोळी ठेवली. शंकररावांनी घास मोडला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"जात नाही गं. गाडी वाटेत आहे."

"तुम्ही जेवा," ती म्हणाली. "तुम्हाला गोळी आहे. या वेळेला तुमच्या वाटचं मी थांबते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून जेवले, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलासारखे, ताटात काही न टाकता. ती समोर बसून राहिली. तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

सकाळी सातच्या पुढं फोन आला. पंचफुलानं स्पीकर लावला.

"आई, पोचले! पाय बघ कसे झालेत माझे. बाबा कुठायत? उपाशी आहेत का? त्यांना कळलं का?"

"कळलं," पंचफुला म्हणाली.

"खूप रागावलेत?"

शंकररावांनी फोन हातात घेतला. "स्वप्ना, साडेनऊ म्हणजे बरोबर साडेनऊ. एक मिनिट लेट नाही गाडी. आता घड्याळ बदलून घे."

"बाबा..." ती रडायला लागली. "सॉरी बाबा. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"वेडी आहेस. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. जा आता, प्रबुद्ध बाहेर ताटकळला असेल."

"खरंच? आणि तरी तुम्ही जाऊ दिलंत?"

शंकररावांनी पंचफुलाकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली, नको म्हणून.

"हौ," ते म्हणाले. "आम्ही दोघांनी ठरवूनच जाऊ दिलं."

फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. लग्न झाल्यापासून त्यांनी कधी ताट वाढलं नव्हतं, त्यामुळं भांड्यांची बरीच आदळआपट झाली. ते रात्रीची भाजी आणि भाकरी घेऊन आले आणि त्यांनी ताट तिच्यापुढं ठेवलं. भाकरी वाळून कडक झाली होती. पंचफुलानं ती भाजीत कुस्करली आणि जेवायला सुरुवात केली.